वाळूची मापं

शोभनानं गुळाच्या पोळ्यांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. रास अल खैमाहून निघाल्यापासून ती एकच वाक्य मनातल्या मनात निरनिराळ्या सुरांत म्हणून बघत होती. उम्म अल कुवैनची पाटी मागे पडली तेव्हा तिनं त्यातला सगळ्यात साधा सूर निवडला.

“अहो, आज अरुणभावजींना सांगून टाका.”

“जेवणं होऊ देत,” सुरेश म्हणाला.

“जेवणानंतर तुमचं वाचन. वाचनानंतर चहा. चहानंतर तुम्ही म्हणणार, चला, ट्रॅफिक लागेल.”

काही कारण नसताना सुरेशनं लेन बदलली. टाइल्सच्या कारखान्यात तो प्रॉडक्शन मॅनेजर होता, म्हणजे या जानेवारीअखेरपर्यंतच. दुबईतल्या इमारती अर्ध्यात थांबल्या, टाइल्स गोदामात पडून राहिल्या आणि नाताळच्या सुमाराला मालकांनी भट्ट्या विझवायला लावल्या. बटण दाबायला सुरेशलाच उभं केलं होतं. एवढी मोठी भट्टी लगेच गार होत नाही; ती गार होईपर्यंत तो रोज जाऊन तिच्या भिंतीला हात लावून यायचा. हे सगळं शोभनाला ठाऊक होतं. धाकट्या भावाच्या, अरुणच्या घराला त्यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

एवढंच असतं तरी तिनं धीर धरला असता. पण दोन शुक्रवारांपूर्वी सगळे त्यांच्याकडे जेवायला जमले असताना सुरेशनं जे केलं, ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. अरुणची नोकरी गेल्याचं त्या दिवशी उघड झालं. धाकट्या जावेचा, स्मिताचा, भाऊ संजय उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना चालवतो. तो जेवता जेवता म्हणाला होता, “अरुणराव, माझ्याकडे स्टोअर बघायला या. साडेतीन हजार दिरहॅम देईन, म्हणजे आपले सेहेचाळीस हजार. पोस्ट लहान आहे, पण व्हिसा तर राहील. तुमच्या अस्मीची बारावी तर इथे होईल.”

आणि सुरेश, ज्याच्या स्वतःच्याच पायाखाली काही उरलं नव्हतं, भात कालवत म्हणाला, “माझा भाऊ प्लॅनिंग इंजिनियर आहे, संजयराव. तो खिळे मोजायला बसणार नाही. अरुण, तू माझ्याकडे ये. मी जागा काढतो.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण झाकलेल्या मुठीवर आणखी अंगठी चढवायची काय गरज होती, हे शोभनाला अजून कळलं नव्हतं.

“तो कधी आयुष्यात माझ्या हाताखाली आलाय?” सुरेश आता म्हणाला. समोरच्या ट्रकशी बोलावं तसा. “कॉलनीत मी क्रिकेटचा कॅप्टन होतो, तर यानं दुसरी टीम काढली. मला वाटलं, ‘बघू, दादा’ म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं संजयकडे जाईल. माझा शब्द राहील, त्याचंही काम होईल.”

“आणि गेले नसतील तर?”

“दोन आठवड्यांत एक फोन नाही त्याचा. गेलाच असणार. लाजतोय सांगायला.”

“तुम्ही केलात का फोन?”

सुरेशनं रेडिओ लावला. तिनं तो बंद केला.

*

अरुण खाली पार्किंगमध्येच उभा होता. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या त्या रांगेत तीन गाड्या कित्येक आठवडे हलल्या नव्हत्या. मालक देश सोडून गेले होते आणि काचांवरच्या धुळीत कुणी कुणी बोटानं तोंडं काढून ठेवली होती. अरुणनं आपली गाडी सकाळीच धुतली होती. दाढी केली होती, इस्त्रीचा कुर्ता घातला होता. महिनाभर तो पायजम्यात फिरत होता, हे स्मिता-अस्मी सोडून कुणाला माहीत नव्हतं.

दादाच्या हाताखाली काम करायचा विचार त्यानं इतकी वर्षं झटकून टाकला होता. दादाचं मोठेपण, दादाचा टाय, दादानं आधी आखाती देशात येऊन मग त्याला बोलावून घेतलेलं. पण त्या शुक्रवारी ‘तू माझ्याकडे ये’ हे शब्द ऐकले आणि घरी आल्यावर तो बाथरूमचा नळ सोडून रडला. अपमानाचं रडणं नव्हतं ते. दिवसभर ओझं घेऊन उभ्या माणसाला कुणी खुर्ची द्यावी, तसं झालं होतं. दादाला फोनवर ‘हो’ म्हणणं त्याला कोरडं वाटलं. एवढ्या वर्षांचा ताठा सोडायचा तर तो समोरासमोर, तिळगूळ हातावर ठेवून सोडायचा, असं त्यानं ठरवलं होतं. शिवाय दादाला पुन्हा विचारायचं काय? त्याचा शब्द म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का.

संजयला त्यानं दुसऱ्याच दिवशी मेसेज करून नकार कळवला होता. स्मितानं तर सख्ख्या भावाला फोनवर सुनावलंही होतं, “उपकार केल्यासारखं बोलू नकोस रे. आमचे दादा आहेत बघायला.”

तरी संजय आज आला होता. सणाला बहिणीनं बोलावलं की यावं लागतं. सोफ्याच्या कडेला बसून तो टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघत होता.

“तिळगूळ घ्या,” स्मितानं सुरेशच्या हातावर वडी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. ती सहसा नमस्कार करत नसे. सुरेशनं वडी तोंडात टाकली नाही, खिशात ठेवली.

जेवायला सहा जण. अस्मी केमिस्ट्रीचं पुस्तक पालथं ठेवून आली. तिची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती आणि ती दोन घास खाऊन एकदा त्या पुस्तकाकडे बघे. अरुण आग्रह करकरून पोळीवर तूप वाढत होता. सुरेश मान खाली घालून जेवत राहिला. मग त्यानं घसा साफ केला, आणि शोभनाला कळलं की हा सरळ रस्त्यानं न जाता गल्लीतून निघालाय.

“संजयराव, तुमच्याकडची ती जागा, तशी वाईट नव्हती हो. मी त्या दिवशी जरा जास्तच बोललो.”

संजयनं ताटातून मान वर केली. “आता आठवलं, सुरेशराव?”

“नाही, म्हणजे अरुणनं विचार करायला हरकत नाही.”

“त्यांनी कधीच विचार केला. मला मेसेज आला ना, ‘थँक्स, दादाकडे जातोय.’ काल सकाळी याकूब म्हणून एक जण जॉईन झाला माझ्याकडे. त्याचीही शारजाची नोकरी बुडाली होती. पोरंबाळं इथेच आहेत त्याची. खलास, भरली जागा.”

सुरेशच्या हातातला घास हातातच राहिला. शोभनानं पाण्याचा तांब्या उचलला आणि कुणाच्याच पेल्यात न ओतता खाली ठेवला.

“अरे दादा, तू कशाला त्याची समजूत घालतोस?” अरुण हसला. त्याला वाटलं, दादा त्याच्यासाठी संजयशी गोड बोलतोय. “मी आज तुला सांगणारच होतो, नीट, वाचनाच्या वेळी. पण आता विषय निघालाच आहे तर ऐक. मी येतोय तुझ्याकडे. काल कंपनीत व्हिसा कॅन्सलेशनवर सही करून मोकळा झालो. एचआरची बाई विचारत होती, ट्रान्सफर करायची असेल तर थांबू का. मी म्हटलं, नको, माझ्या भावाची फॅक्टरी आहे, तिथे सगळं नवीन होईल.”

“सही केलीस?” सुरेशनं विचारलं.

“केली. आता देशात राहायला एक महिना आहे हातात. तुला तर आठवडा पुरेल.”

*

या घराण्यात शुक्रवारच्या सुट्टीत दुपारी जेवणानंतर वाचन असे. कारखान्यात भट्टी बसवायला आलेल्या एका चिनी तंत्रज्ञानं जाताना सुरेशला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं: एकमेकांच्या उरावर बसलेल्या राज्यांची जुनी चिनी कादंबरी. सुरेश पान मनात वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा. त्याचे चिनी सरदार एकमेकांना ‘राव’ म्हणत, आणि वेळप्रसंगी पिठलं-भाकरी खात. वेदांग, त्याचा मुलगा, लहान होता तेव्हा हे सुरू झालं. तो मांडीत मावेनासा झाला आणि अस्मी मांडीवर येऊन बसली; पुढे तो शिकायला पुण्याला गेला. राज्यंही वाटून झाली होती. उत्तरेचं मोठं राज्य अर्थातच सुरेशकडे, दक्षिणेचं अरुणला. संजयला मधलं सगळ्यात लहान राज्य मिळालं होतं, ज्याच्या शेतांतून दोन्ही फौजांनी जाता-येता घोडे हाकायचे. ही थट्टा संजयला कधी आवडली नव्हती.

अस्मीनं सवयीनं पुस्तक आणून सुरेशच्या पुढ्यात ठेवलं. उघड्या खिडकीतून जानेवारीचा गार वारा येत होता. पलीकडच्या प्लॉटवरची क्रेन नाताळपासून एकाच दिशेला हात करून उभी होती.

“दादा, आज वाळूची गोष्ट,” अरुण गालिच्यावर मांडी घालून बसत म्हणाला. “माझ्या नव्या नोकरीच्या नावानं.”

वाळूची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. किल्ल्याला वेढा पडलेला, कोठारातलं धान्य संपलेलं. म्हातारा किल्लेदार रात्री मशाली लावतो, पोत्यांत वाळू भरतो, तोंडाशी तेवढे मूठभर तांदूळ पसरतो, आणि माणसांना मापानं वाळू मोजायला लावतो, मोठमोठ्यानं. पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’: लाभ, दोन, तीन. बाहेर शत्रू ऐकतो. यांच्याकडे तर वर्षभराचं धान्य आहे, असं म्हणून वेढा उठवून निघून जातो. अडचण आली की या घरात म्हणत, वाळू मोजा. वेदांगची ॲडमिशन, स्मिताचं ऑपरेशन, अरुणची पहिली नोकरी गेली ती वेळ, सगळं वाळू मोजून निभावलं होतं. बाहेरच्याला कधी पत्ता लागू दिला नव्हता.

सुरेशनं पुस्तक उघडलं, पानं मागे-पुढे केली. त्याला अक्षरं दिसत होती आणि लागत नव्हती. त्यानं पुस्तक अस्मीकडे सरकवलं. “आज तू वाच. माझा चष्मा राहिला.”

चष्मा त्याच्या नाकावर होता.

अस्मीनं पुस्तक घेतलं नाही. तिनं गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते सगळं वाचून काढलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. काकांच्या गोष्टीतलं काय काय तिथे नाही हे तिला ठाऊक होतं. आई-बाबांना ते कळू नये असं तिला वाटत होतं. पण काकांचा हात पुस्तकावर ज्या तऱ्हेनं ठेवलेला होता, तो बघून तिला भीती वाटली, आणि भीतीपोटी ती बोलून गेली.

“काका, इट्स नॉट देअर. देअर इज नो सँड.”

“म्हणजे?” स्मितानं विचारलं.

“बुकमध्ये वाळू नाहीये, आई. दे रन आउट ऑफ फूड. दे ईट द हॉर्सेस. मग ढालींचं लेदर उकळून खातात. देन समबडी ओपन्स द गेट फ्रॉम इनसाइड. दॅट्स इट. सगळे मरतात.”

सगळे सुरेशकडे बघू लागले. संजयसुद्धा.

“मी घातली वाळू,” सुरेश म्हणाला. “तू सहा-सात वर्षांची होतीस. मांडीवर बसून विचारलंस, काका, मग ते जेवले का? पुस्तकात ते जेवले नव्हते गं. त्या दिवशी मी कारखान्यातून सिलिका वाळूची सॅम्पल्स घरी आणली होती, टेबलावर पिशव्या होत्या. ते दिसलं आणि सुचलं ते बोललो.”

अरुण खो खो हसला. गेल्या महिन्याभरात या घरात कुणी असं हसलं नव्हतं. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुझ्या थापेवर जगलो? असू दे, दादा. गोष्टीत नसेना का, आपल्या कोठारात खरं धान्य आहे. बोल, रविवारीच येऊ का प्लँटवर? सर्टिफिकेटं घेऊन येतो.”

सुरेशनं शोभनाकडे बघितलं. ती म्हणाली, “बोला आता.”

“येऊ नकोस,” सुरेश म्हणाला. “तिथे काही नाही, अरुण. भट्ट्या नाताळातच विझवल्या. माझाच व्हिसा या महिनाअखेरीला संपतोय.”

“मग माझी जागा?”

“नव्हतीच. मी म्हणालो तेव्हाही नव्हती.”

अरुणच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, आणि ते बघणं शोभनाला सगळ्यात कठीण गेलं.

“वहिनी, तुम्हाला माहीत होतं?” स्मितानं तिला विचारलं.

“होतं. मीही बोलले नाही. त्या दिवशी ताटावरून उठून बोलायला हवं होतं.” शोभना सोफ्यावरून उठली आणि गालिच्यावर स्मिताच्या शेजारी जाऊन बसली. स्मिता थोडी बाजूला सरकली. तिला जागा दिली की तिच्यापासून दूर झाली, ते शोभनाला कळलं नाही.

“पण का?” अरुण म्हणाला. “नसती तर नाही म्हणायचंस. गप्प बसायचंस. मी संजयकडे गेलो असतो. खिळे मोजले असते. मला काय झालं असतं खिळे मोजायला?”

“मला वाटलं, तू नाही म्हणशील.”

“मी नाही म्हणेन म्हणून तू मला ‘ये’ म्हणालास?”

“तू कधी आलायस का माझ्याकडे, अरुण? कधी माझं ऐकलंस?”

“एकदा ऐकलं,” अरुण म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “वाळू मोजायची ती बाहेरच्या शत्रूला ऐकू जावी म्हणून, दादा. मी तर बायकापोरीला घेऊन आत यायला निघालो होतो.”

आपण भावाशी ती चाल खेळलो जी फक्त संशयी माणसावर चालते, हे सुरेशला त्या क्षणी कळलं. भावानं संशय घेतला नाही एवढीच त्याची चूक. त्यानं चष्मा काढला आणि कुर्त्याच्या टोकानं पुसत बसला, आणि पुसायचं थांबला नाही, कारण थांबलं की वर बघावं लागलं असतं.

स्मिता आता संजयकडे वळली. दोन आठवड्यांपूर्वी ज्या तोंडानं त्याला सुनावलं, त्याच तोंडानं तिला बोलायचं होतं, आणि ती बोलली. “संजू, आमचं राहू दे. आम्ही जाऊ पुण्याला. पण हिची परीक्षा. मार्चपर्यंत हिला व्हिजिट व्हिसावर तुझ्याकडे ठेवता येईल का? हॉलमध्ये झोपेल ती.”

संजयनं टीव्हीकडे बघितलं. तिथे कुठल्या तरी बँकेच्या पायऱ्यांवरून माणसं खोकी घेऊन उतरत होती. “ताई, त्या दिवशी तू म्हणालीस, आमचे दादा आहेत.” मग त्यालाच ते बोललेलं सहन झालं नाही. तो उठला, गाडीची किल्ली शोधू लागला. “याकूबच्या व्हिसाला माझा कोटा संपलाय. माझ्या घरात आधीच धंद्यातल्या पार्टनरची मेहुणी राहतेय, झुबेदा म्हणून, तिचाही व्हिसा असाच अडकलाय. बघतो. व्हिसाची कामं बघतो त्या पीआरओला विचारतो. इन्शाल्ला.”

या देशात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ‘इन्शाल्ला’चे, म्हणजे ‘देवाची मर्जी’चे, सूर ओळखता येतात. हा कुठला सूर होता ते सगळ्यांना कळलं. अस्मीलाही कळलं, ती इथेच वाढली होती. तिनं पालथं ठेवलेलं केमिस्ट्रीचं पुस्तक उचललं, खूण न घालताच मिटलं आणि आत नेऊन ठेवलं.

*

चहा झाला नाही. शोभनानं डबा धुवायला घेतला तर स्मितानं तिच्या हातातून काढून घेतला, धुतला, पुसला आणि परत दिला. रिकामा डबा माहेरी-सासरी कुणी परत देत नाही, काहीतरी घालून देतात. स्मितानं आजवर नेहमी दिलं होतं. तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं. शोभनानं झाकण लावलं.

दारात अस्मी पुस्तक घेऊन आली. “काका, युअर बुक.”

“राहू दे तुला,” सुरेश म्हणाला. “शेवट राहिलाय आपला. मी सांगेन कधीतरी.”

“आय नो द एंडिंग. तिघांपैकी कोणीच जिंकत नाही.” ती ते रागानं म्हणाली नाही. “अँड इट्स टू हेवी, काका. बाबा म्हणाले, पर पर्सन तीसच किलो.”

त्यानं पुस्तक घेतलं. अरुण त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आला. कितीही झालं तरी मोठ्या भावाला दारातून निरोप देत नाहीत. कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी घराबाहेर बांधलेली खोकी रचून ठेवली होती. तिघं त्यांना वळसा घालून गेले. अरुणनं लिफ्टचं बटण दाबलं. आकडे हळूहळू वर येत होते.

सुरेशला गप्प राहता आलं असतं. शोभनानं मागून त्याची बाहीसुद्धा धरली. पण मोठा भाऊ रिकाम्या हातानं लिफ्टमध्ये कसा शिरणार, हे त्याला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं.

“जबल अलीला माझा एक ओळखीचा आहे,” तो म्हणाला. “युसुफ. मोठ्या पोस्टवर आहे. मी उद्याच त्याच्याशी बोलतो. तुझं होऊन जाईल, बघ. अस्मीचं वर्ष नाही वाया जाऊ देणार मी.”

अरुणनं त्याच्याकडे बघितलं. कधी नव्हे इतक्या सभ्यपणे, एखाद्या परक्या वडीलधाऱ्याकडे बघावं तसं. लिफ्ट आली. तिचं दार त्यानं हातानं अडवून धरलं, दोघांना आत जाऊ दिलं.

“बघू, दादा,” तो म्हणाला.